जाळरेषेवरची माणसे

प्रस्तावना

उन्हाळ्याच्या दिवसांत, तिन्हीसांजा झाल्यावर, दूरच्या डोंगरावर तांबूस प्रकाशाची एक वेडीवाकडी ओळ पुष्कळदा दिसते. लांबून पाहणाऱ्याला ती मांडून ठेवलेल्या पणत्यांसारखी मनोहर वाटते. प्रत्यक्षात तो वणवा असतो. त्या ओळीत गवत, पाचोळा, कोवळी रोपे, पाखरांची घरटी, सरपटणारे जीव, सारे जळत असते. आणि तिच्यापासून चार-सहा हातांवर, हिरव्या डहाळ्या घेऊन काही माणसे उभी असतात. ती मात्र लांबून दिसत नाहीत.

गावात किंवा शहरात आग लागली की घंटा वाजवीत बंब येतो. रानात रस्ता नसतो, नळ नसतो, अनेकदा पाण्याचा थेंबही नसतो. मग तेथील आग कोण विझवते? कशाने विझवते? या कामाची किंमत काय असते? प्रस्तुत पाठात आपण या प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
१. वणवा लागण्याची कारणे स्वतःच्या शब्दांत सांगणे.
२. वणवा रोखण्याच्या व विझवण्याच्या पद्धतींचे वर्णन करणे.
३. वनरक्षक व हंगामी मजूर यांच्या श्रमांचे मोल जाणणे.
४. 'आग' या शब्दाशी संबंधित वाक्प्रचार व सामासिक शब्द यांचा योग्य उपयोग करणे.

मूळ पाठ

१. रान पेटते कसे?

विदर्भातील आणि मध्य भारतातील बहुतेक जंगले पानझडी आहेत. हिवाळा सरत आला की साग, मोह, तेंदू, ऐन, धावडा यांची पाने गळू लागतात. चैत्र लागेपर्यंत जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो आणि गवत वाळून कडकडीत होते. आग लागण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : जळणारा पदार्थ, हवेतील प्राणवायू आणि उष्णता. पहिल्या दोन गोष्टी रानात मुबलक असतात. तिसरी येण्याचा अवकाश, की रान पेट घेते.

ही तिसरी गोष्ट बहुतेक वेळा माणसाच्या हातून येते. त्यामागे नेहमीच दुष्टपणा असतो असे मात्र नाही. पुष्कळदा तेथे पोटाची चिंता असते. मोहाची फुले पहाटे गळतात. फिकट पिवळसर रंगाची ती फुले पाचोळ्यात सहज सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवला जातो. तेंदूला नवी, मोठी पाने फुटावीत या समजुतीने झुडपे जाळली जातात. पावसाळ्यात गुरांना हिरवा चारा अधिक मिळेल या आशेने जुने गवत पेटवले जाते. कुणी शेताचा बांध जाळतो आणि ठिणगी उडून रानात जाते. कुणी विडीचे थोटूक न विझवताच पायवाटेवर टाकून देतो. पेटवणाऱ्याला हवी असते हाताएवढी आग; परंतु वाऱ्याला तेवढ्याने समाधान होत नाही.

आपल्या देशात असे वणवे जेवढ्या क्षेत्रात लागतात ते क्षेत्र थोडे नाही. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातील छत्तीस टक्क्यांहून अधिक वनाच्छादित क्षेत्र वारंवार आग लागण्याचा धोका असलेले आहे.

वणव्याने मोठी झाडे लगेच मरत नाहीत, म्हणून काही लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. परंतु दरवर्षी आग लागणाऱ्या रानात बियांतून उगवलेली कोवळी रोपे जगत नाहीत. आजची मोठी झाडे म्हातारी होतात, त्यांची जागा घ्यायला कुणी उरत नाही. पाचोळ्याचे आच्छादन जळून गेलेली उघडी माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, कासवे, कीटक यांना तर पळून जायलाही अवधी मिळत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) आग लागण्यासाठी कोणत्या तीन गोष्टी आवश्यक असतात?
(आ) मोहाच्या झाडाखालचा पाचोळा का पेटवला जातो?
(इ) दरवर्षी लागणाऱ्या वणव्यामुळे जंगलाचे भविष्य धोक्यात येते, असे का म्हटले आहे?

२. आग लागण्यापूर्वीचे श्रम

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो. वणव्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याची तयारी मात्र हिवाळ्यातच सुरू होते. या तयारीचे मुख्य अंग म्हणजे जाळरेषा.

जंगलाच्या सीमेवर, रस्त्यांच्या कडेने आणि जंगलाच्या निरनिराळ्या कक्षांच्या मधून ठरावीक रुंदीचे पट्टे आखलेले असतात. हंगामापूर्वी त्या पट्ट्यांतील गवत व झुडपे मजूर कापतात, ती वाळू देतात आणि मग देखरेखीखाली जाळून टाकतात. जळण्यासारखे काहीच न उरलेला हा मोकळा पट्टा म्हणजे जाळरेषा होय. पुढे वणवा आलाच, तर तो या रेषेपाशी येऊन थांबावा, अशी अपेक्षा असते. नंतरही झाडांची पाने गळतच राहतात. त्यामुळे पट्टा पुन्हा पुन्हा झाडावा लागतो. एका जंगलात अशा रेषांची लांबी मैलोगणती असते आणि तिचा बराचसा भाग विळा, कोयता, झाडू व माणसाचे हात यांच्याच बळावर साफ होतो. अलीकडे पाचोळा उडवणारी ब्लोअर यंत्रेही वापरली जातात. ती पाठीवर वाहून न्यावी लागतात आणि भर उन्हात त्यांचा भार व आवाज दोन्ही सोसावे लागतात.

जंगलाच्या एका लहान विभागाला नियतक्षेत्र किंवा व्यवहारात 'बीट' म्हणतात. एका बीटाची जबाबदारी एका वनरक्षकावर असते. हंगामात त्याच्या मदतीला आसपासच्या गावांतील स्त्री-पुरुष मजूर म्हणून घेतले जातात. यांनाच पुष्कळ ठिकाणी 'फायर वॉचर' म्हटले जाते. दिवसभर पायी गस्त घालणे, मनोऱ्यावर चढून धूर दिसतो का ते पाहणे, गावात जाऊन लोकांना समजावणे ही त्यांची कामे. पाऊस पडला की त्यांचे काम संपते. या माणसांना त्या रानातला प्रत्येक ओढा, प्रत्येक चढ आणि प्रत्येक पायवाट ठाऊक असते. हे ज्ञान नकाशात मिळत नाही.

३. आगीसमोर उभे राहताना

आग लागल्याचे आता अनेकदा आकाशातून कळते. पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह जमिनीवरील असाधारण उष्णता टिपतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून अशा माहितीच्या आधारे सूचना देत आली आहे. आज ही सूचना भ्रमणध्वनीवरून थेट वनकर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पात २०२४ मध्ये धूर ओळखणारी कॅमेऱ्यांची यंत्रणाही बसवण्यात आली. ही साधने उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु उपग्रह आग दाखवतो, विझवत नाही. सूचना आल्यानंतर कुणाला तरी उठून चालावेच लागते. कधी तास, कधी दोन तास; पायाखाली दगड, डोक्यावर ऊन, खांद्यावर पाण्याची बाटली आणि यंत्र.

आगीपाशी पोहोचल्यावर प्रथम वारा पाहायचा असतो. वारा कोणीकडून येतो, आग कोणीकडे जाते, मागे सुटायला वाट कोणती, हे ठरवल्याशिवाय शहाणा वनरक्षक आपल्या माणसांना पुढे जाऊ देत नाही. आग लहान असेल, तर बाजूने जाऊन हिरव्या डहाळ्यांनी ती झोडपली जाते. झोडपतानाही रीत असते. डहाळी उंच उचलून आपटली तर ठिणग्या उडून आग पसरते. म्हणून ती आगीवर दाबायची आणि जळलेल्या बाजूकडे ओढायची. ब्लोअरने पाचोळा मागे सारला की ज्वाळेला पुढे खायला काही मिळत नाही.

आग मोठी असेल, तर तिच्याजवळ जाणेच शक्य होत नाही. अशा वेळी बरेच अंतर सोडून नवी रेषा साफ केली जाते किंवा एखादी जाळरेषा, पायवाट वा कोरडा ओढा यांचा आधार घेतला जातो. मग तेथून येणाऱ्या वणव्याच्या दिशेने मुद्दाम आग लावली जाते. दोन्ही आगी समोरासमोर येतात आणि मधले सगळे जळण संपल्यामुळे विझतात. काट्याने काटा काढण्याचाच हा प्रकार आहे. मात्र वारा जरा चुकला, तर लावलेली आग लावणाऱ्यावरच उलटते. म्हणून हे काम अनुभवी माणसाच्या आज्ञेशिवाय केले जात नाही.

डोंगरावरची आग ही सर्वांत धोक्याची. सपाट जमिनीवर माणूस जिच्यापुढे पळू शकतो, ती आग चढावर माणसाला मागे टाकते. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापवतात आणि क्षणार्धात पेटवतात. माणसाचे नेमके उलटे होते : चढावर त्याचा वेग कमी होतो आणि श्वास लागतो. म्हणून आग खाली असताना वरच्या बाजूला कधीही उभे राहू नये, असा या कामातला नियम आहे. संकट ओढवलेच, तर पूर्ण जळून विझलेल्या जागेकडे जाणे पुष्कळदा सुरक्षित ठरते. कारण तेथे पुन्हा पेटायला काही उरलेले नसते.

विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. त्यात आगीची धग मिळते. अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, धुराने डोळे चुरचुरतात, छाती भरून येते. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. तो अधिक प्रमाणात शरीरात गेला, तर डोके जड होते, दिशा सुचेनाशी होते. अंगावर सुती कपडे असणे आवश्यक असते, कारण कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळून कातडीला चिकटते. म्हणून शक्य तेव्हा रात्री किंवा पहाटे काम केले जाते. तेव्हा हवा थंड व काहीशी दमट असते, वाराही बहुधा मंद असतो.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे काम संपले, असेही नाही. वाळलेली खोडे आणि जाड मुळे आतून धुमसत राहतात. वर राख, खाली निखारा. ही धग शोधून, खोडे उलथून, माती टाकून विझवावी लागते. थकलेल्या माणसांच्या वाट्याला येणारे हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि तितकेच महत्त्वाचे असते. कारण एखादी झुळूक येते आणि विझलेली वाटणारी आग पुन्हा उभी राहते.

पाठगत प्रश्न २
(अ) जाळरेषा म्हणजे काय?
(आ) डोंगराळ भागातील आग अधिक धोकादायक का असते?
(इ) 'उपग्रह आग दाखवतो, विझवत नाही.' या वाक्यातून काय सुचवायचे आहे?

४. नागझिऱ्याचा तो दिवस

हा धोका किती खरा आहे, हे ८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्राने पाहिले. गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांत पसरलेल्या नवेगाव-नागझिरा जंगलाला २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ, बिबटे, रानगवे यांच्यासाठी ते प्रसिद्ध आहे. ज्येष्ठ वनाधिकारी व साहित्यिक मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना या परिसराची ओळख झालेली आहे.

त्या दिवशी नागझिरा अभयारण्यात वणवा लागला. वनकर्मचारी आणि हंगामी मजूर आग विझवण्यासाठी धावले. भूभाग डोंगराळ व खडकाळ होता. दिवसभराच्या श्रमांनंतर संध्याकाळच्या सुमारास आग आटोक्यात येत आहे असे वाटू लागले. इतक्यात वाऱ्याचा जोर वाढला, आग पुन्हा भडकली आणि काही मजूर तिच्या वेढ्यात सापडले. त्यांपैकी तिघांचा होरपळून मृत्यू झाला, दोघे गंभीर जखमी झाले.

मृत्यू पावलेले तिघेही हंगामी मजूर होते. याच रानाच्या आसऱ्याने जगणाऱ्या गावांतले ते रहिवासी. जंगल हे त्यांच्यासाठी सहलीला जाण्याचे ठिकाण नव्हते. सरपण, मोहफुले, तेंदूपाने आणि उन्हाळ्यातील चार महिन्यांची मजुरी देणारे ते त्यांचे अंगणच होते. वणव्याची एक विलक्षण वेदना येथे दिसते. वणव्याचे कारण होणारी ठिणगी बहुधा माणसाच्या हातची असते आणि ती विझवताना जळतात तेही माणसाचेच हात.

५. जगभर एकच व्यथा

नागझिऱ्याचे दुःख एकट्या नागझिऱ्याचे नाही. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या चार वनकर्मचाऱ्यांचा जागीच मृत्यू झाला. त्यांच्यासोबतचे इतर चौघे गंभीररीत्या भाजले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, यार्नेल गावाजवळ, ३० जून २०१३ रोजी वणव्याने एकाच पथकातील एकोणीस जवानांचा बळी घेतला. ते उत्तम प्रशिक्षण घेतलेले, साधनसामग्रीने सज्ज असे पथक होते. ऑस्ट्रेलियातील लिंटन येथे २ डिसेंबर १९९८ रोजी पाच स्वयंसेवक मृत्युमुखी पडले. यार्नेल असो, लिंटन असो वा नागझिरा, तिन्ही ठिकाणी घात केला तो वाऱ्याने. साधने श्रीमंत असोत वा गरीब, वाऱ्यापुढे माणूस सर्वत्र सारखाच असहाय असतो.

लिंटनच्या त्या घटनेनंतर ४ मे हा दिवस आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. आपल्या देशात ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन असतो. १७३० मध्ये राजस्थानातील खेजडली गावी झाडे वाचवण्यासाठी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ २०१३ मध्ये हा दिवस घोषित करण्यात आला. वनांचे रक्षण करताना प्राण गमावलेल्या सर्वांचे या दिवशी स्मरण केले जाते.

६. कृतज्ञता म्हणजे काय?

काही कामांचे फळ डोळ्यांना दिसते. गवंड्याने बांधलेली भिंत दिसते, शेतकऱ्याने पिकवलेली रास दिसते. जाळरेषेवर राबणाऱ्या माणसाच्या यशाला मात्र रूप नसते. जे रान जळलेच नाही, ते पाहून कुणाच्या मनात येत नाही की हे कुणीतरी वाचवले आहे. पावसाळ्यात तेथे नवे कोंब फुटतात, ओढे वाहू लागतात, पर्यटक येतात आणि हिरवाईचे कौतुक करून परत जातात. तोपर्यंत हंगामी मजुराचे काम संपलेले असते; तो कुणाच्या तरी शेतात चिखलणीला गेलेला असतो.

त्याचे कौतुक शब्दांनी अवश्य करावे, परंतु तेवढ्यावर थांबू नये. या माणसांना योग्य कपडे, पायांत चांगले बूट, पुरेसे पाणी, प्रशिक्षण आणि विम्याचे संरक्षण मिळणे हा त्यांच्यावरचा उपकार नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. समाजाच्या हातीही बरेच काही आहे. मोहाच्या झाडाखाली जाळी किंवा जुने कापड अंथरले, किंवा पाचोळा न पेटवता नुसता झाडून बाजूला केला, तर फुले वेचता येतात. बांध जाळताना पाणी घेऊन शेवटपर्यंत उभे राहता येते. विडी विझवूनच टाकता येते. धूर दिसताच महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवता येते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट ही, की आपण न लावलेली प्रत्येक आग म्हणजे कुणाच्या तरी घरी संध्याकाळी सुखरूप परतलेला माणूस होय.

शब्दार्थ

वणवा – रानाला लागलेली आग
पाचोळा – झाडावरून गळून पडलेली वाळकी पाने
नियतक्षेत्र – एका वनरक्षकाकडे सोपवलेला जंगलाचा विभाग, बीट
गस्त – पहाऱ्यासाठी घातलेली फेरी
धग – आगीची उष्णता, झळ
धुमसणे – ज्वाळा न दिसता आतल्या आत जळणे
चिखलणी – भातलावणीपूर्वी शेतात चिखल करण्याचे काम

भाषाभ्यास

१. संधी : दाव + अनल = दावानल (रानातील आग); वडवा + अनल = वडवानल (समुद्रातील आग); जठर + अग्नी = जठराग्नी (पोटातील भूक). या तिन्ही शब्दांत दोन 'अ' किंवा 'आ' आणि 'अ' एकत्र येऊन 'आ' झाला आहे.

२. समास : वनरक्षक – वनाचा रक्षक, पानझड – पानांची झड. हे षष्ठी तत्पुरुष समास आहेत.

३. वाक्प्रचार : आगीत तेल ओतणे – भांडण अधिक वाढवणे. आग पाखडणे – संतापाने बोलणे. आगीतून फुफाट्यात पडणे – एका संकटातून सुटून दुसऱ्यात सापडणे. ('फुफाटा' म्हणजे तापलेली राख किंवा धूळ. राखेखाली निखारा असतो, हे पाठात आलेच आहे.)

४. प्रयोग : वनरक्षक मनोऱ्यावर चढतो. (कर्तरी) मजुरांनी पाचोळा झाडला. (कर्मणी) मजुरांनी आगीला अडवले. (भावे)

आपण काय शिकलो?

बहुतेक वणवे माणसाच्या निष्काळजीपणामुळे किंवा उपजीविकेच्या गरजेतून लागतात. जाळरेषा, गस्त व त्वरित सूचना यांमुळे वणवा रोखता येतो. तो विझवण्याचे काम अजूनही मुख्यतः माणसाच्या हातांनी, जीव धोक्यात घालून केले जाते. या कामाचे फळ दिसत नाही. म्हणूनच त्याची जाण ठेवणे आवश्यक आहे.

पाठान्त प्रश्न

१. आग विझल्यासारखी दिसल्यावरही काम का थांबवता येत नाही? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. 'काट्याने काटा काढणे' हा वाक्प्रचार पाठात कोणत्या कृतीसाठी वापरला आहे? ती कृती स्पष्ट करा.
३. नागझिरा, यार्नेल व लिंटन या घटनांतील साम्य सांगा.
४. 'जाळरेषेवर राबणाऱ्या माणसाच्या यशाला रूप नसते.' या विधानाचा आशय स्पष्ट करा. आपल्या परिसरातील अशाच एखाद्या न दिसणाऱ्या कामाविषयी दहा ओळी लिहा.
५. 'आग पाखडणे' व 'आगीत तेल ओतणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) जळणारा पदार्थ, प्राणवायू व उष्णता. (आ) फिकट रंगाची फुले पाचोळ्यात सहज सापडत नाहीत म्हणून. (इ) कोवळी रोपे जळून जातात व जुन्या झाडांची जागा घेणारी नवी झाडे तयार होत नाहीत म्हणून.

प्रश्न २ : (अ) गवत व झुडपे कापून आणि जाळून तयार केलेला, जळण्यासारखे काही न उरलेला मोकळा पट्टा. (आ) चढावर आगीचा वेग वाढतो आणि माणसाचा वेग कमी होतो म्हणून. (इ) साधने कितीही प्रगत असली, तरी प्रत्यक्ष आग विझवण्यासाठी माणसाच्या श्रमांना पर्याय नाही.